फोमची परीक्षा : मऊपणा मोजण्याचे शास्त्र

गादी विकत घेणारा माणूस बहुधा एकच चाचणी करतो. तो फोमवर तळहात दाबतो, हात उचलतो, फोम पुन्हा वर आला की मान डोलावतो आणि किंमत विचारतो. ही चाचणी निरर्थक नाही; परंतु फोमच्या अनेक गुणधर्मांपैकी एकाच गुणधर्माचा, आणि तोही पहिल्या क्षणापुरता, अंदाज तीतून मिळतो. ही गादी दोन वर्षांनंतर कशी असेल, झोपणाऱ्याच्या पाठीला ती आधार देईल की मध्येच खचेल, तिच्यावर ठिणगी पडली तर काय होईल, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तळहाताला देता येत नाही.

निवासी शाळेच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नाही. वाढत्या वयाची मुले वर्षातील बहुतेक रात्री वसतिगृहाच्या गादीवर काढतात. त्या गाद्या पालकांच्या कष्टाच्या पैशातून आणि समाजाच्या देणग्यांतून येतात. म्हणून फोमची परीक्षा कशी घेतात, कोणत्या आकड्याचा अर्थ काय आणि त्यांतील कोणत्या चाचण्या आपल्याला स्वतः करता येतात, हे या लेखात आपण क्रमाने पाहू.

१. फोम म्हणजे काय?

गाद्या, उशा आणि बैठकांमध्ये वापरला जाणारा मऊ फोम बहुतांशी पॉलियुरेथेन या बहुवारिकापासून बनतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली पॉलियुरेथेनच्या रसायनशास्त्राचा पाया घातला. पॉलिऑल आणि आयसोसायनेट हे दोन द्रव पदार्थ एकत्र आले की त्यांच्या रेणूंच्या लांब साखळ्या तयार होतात. या मिश्रणात थोडे पाणी घातले असता पाण्याची आयसोसायनेटशी अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि मिश्रण फुगू लागते. ढोकळ्याच्या पिठाला फुगवणारा वायूही हाच. फरक इतकाच की ढोकळ्यात बुडबुड्यांभोवतीचे पीठ वाफेवर शिजून घट्ट होते, तर येथे बुडबुड्यांभोवतीचे बहुवारिक अभिक्रियेनेच घट्ट होते.

मऊ फोममध्ये या बुडबुड्यांचे पडदे बहुतांशी फुटलेले असतात आणि त्यांच्या कडांचा सांगाडा तेवढा शिल्लक राहतो. त्यामुळे एका कप्प्यातील हवा दुसऱ्यात जाऊ शकते. अशा फोमला खुल्या कप्प्यांचा फोम म्हणतात. शीतपेटीच्या भिंतीत भरलेल्या कडक फोममध्ये मात्र कप्पे बंद असतात आणि आतील वायू आतच राहतो. पहिला दबतो व परत वर येतो. दुसरा उष्णता अडवतो आणि दाबाला सहसा दाद देत नाही.

भरीव पॉलियुरेथेनची घनता साधारणपणे दर घनमीटरला १,२०० किलोग्रॅम असते, तर गादीच्या फोमची घनता अनेकदा ३० ते ४० च्या आसपास असते. याचा अर्थ, आपण ज्याला गादी म्हणतो तिचा सुमारे ९७ टक्के भाग हवा असून उरलेल्या तीन टक्के पदार्थावर आपण झोपतो. त्या तीन टक्क्यांची रचना कशी आहे, हे तपासणे म्हणजे फोमची परीक्षा होय.

२. परीक्षेपूर्वीची शिस्त

कोणत्याही मोजमापाआधी नमुना कोठून घेतला, हे महत्त्वाचे असते. फोमचा मोठा ठोकळा फुगताना त्याच्या तळाशी, मध्यभागी आणि वरच्या भागात घनता अगदी सारखी राहत नाही. बाहेरची जाड साल तर उरलेल्या भागापेक्षा पूर्णपणे वेगळी असते. म्हणून साल काढून, ठोकळ्याच्या निरनिराळ्या भागांतून नमुने कापले जातात. फोम ज्या दिशेने फुगला त्या दिशेला त्याचे कप्पे किंचित लांबट असतात. त्यामुळे त्या दिशेने दाबले असता फोम अधिक कडक वाटतो आणि आडव्या दिशेने दाबले असता मऊ. साहजिकच, कोणत्या दिशेने दाबले याची नोंद केल्याशिवाय आकड्याला अर्थ राहत नाही.

दुसरी शिस्त वेळेची. फोम तयार झाल्यानंतरही काही काळ त्यातील अभिक्रिया चालू राहतात. म्हणून आंतरराष्ट्रीय पद्धतीत सर्वसाधारणपणे निर्मितीनंतर ७२ तास उलटण्यापूर्वी चाचणी घेत नाहीत. त्यानंतर नमुना ठरावीक तापमानाच्या व आर्द्रतेच्या खोलीत किमान १६ तास ठेवला जातो. युरोप-अमेरिकेत ही खोली २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेची असते. उष्ण प्रदेशासाठी २७ अंश व ६५ टक्के हे प्रमाण स्वीकारले असून भारतीय मानकांतही तेच रूढ आहे. दमट हवेत फोम मऊ होतो. पावसाळ्यातील आणि उन्हाळ्यातील आकड्यांची तुलना करायची असेल, तर खोली एकसारखी ठेवावीच लागते.

३. घनता : पहिली ओळख

घनता काढण्याची रीत शाळेतील मुलांनाही ठाऊक असते : वस्तुमान भागिले आकारमान. ३८ सेंटिमीटर लांब, ३८ सेंटिमीटर रुंद आणि ५ सेंटिमीटर जाड अशा तुकड्याचे आकारमान ७,२२० घनसेंटिमीटर, म्हणजे ०.००७२२ घनमीटर भरते. त्याचे वजन २३१ ग्रॅम भरले, तर घनता दर घनमीटरला ३२ किलोग्रॅम झाली. दुकानदार ‘बत्तीस डेन्सिटी’ म्हणतो, तेव्हा त्याला हाच आकडा अभिप्रेत असतो.

घनता म्हणजे फोममध्ये प्रत्यक्ष पदार्थ किती आहे, याचे माप. पदार्थ जास्त असेल तर फोम सहसा अधिक काळ टिकतो. परंतु येथे दोन सावधगिऱ्या बाळगाव्या लागतात. पहिली अशी की, मिश्रणात खडूसारखी भुकटी मिसळूनही वजन वाढवता येते. अशा फोमची घनता कागदावर चांगली दिसते, पण वाढलेल्या वजनाने सांगाडा बळकट झालेला नसतो. अशी भेसळ ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत नमुना भट्टीत पूर्ण जाळून मागे उरलेली राख तोलतात. शुद्ध फोमची राख नगण्य असते, भुकटीची मात्र उरते. दुसरी सावधगिरी म्हणजे, फोमचे तुकडे चिकटवून बनवलेल्या रीबॉन्डेड फोमची घनता ८० किंवा १०० असू शकते. तिची तुलना अखंड फोमच्या ३२ किंवा ४० शी करणे योग्य नव्हे. घनतेची तुलना एकाच जातीच्या फोममध्ये करावी.

४. काठिण्य : मऊपणाचे माप

अनेकांचा असा समज असतो की घट्ट फोम म्हणजे घनतेचा फोम. या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. लॉर्ना गिब्सन आणि मायकेल अ‍ॅशबी यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सेल्युलर सॉलिड्स’ या ग्रंथात सच्छिद्र पदार्थांचे जे नियम एकत्र मांडले, त्यांनुसार खुल्या कप्प्यांच्या फोमचा ताठपणा घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे बहुवारिक तेच ठेवून घनता दुप्पट केली, तर ताठपणा सुमारे चौपट होतो. परंतु उत्पादकाने बहुवारिकच बदलले, तर कमी घनतेचा घट्ट फोम आणि अधिक घनतेचा मऊ फोम असे दोन्ही प्रकार बनवता येतात. म्हणूनच काठिण्य स्वतंत्रपणे मोजावे लागते.

त्याची प्रचलित पद्धत अशी. ३८ सेंटिमीटर चौरस नमुना छिद्रे असलेल्या सपाट पाटावर ठेवतात. छिद्रे अशासाठी की दबताना आतील हवा खालून सहज निघून जावी. वरून सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची गोल तबकडी यंत्राने खाली येते. आयएसओ २४३९ या मानकाच्या एका पद्धतीत नमुना प्रथम तीनदा त्याच्या जाडीच्या ७० टक्क्यांपर्यंत दाबून सोडतात. त्यानंतर ४० टक्के दाबून, ३० सेकंद थांबून, तबकडीवर किती न्यूटन बल आले हे वाचतात.

यातील प्रत्येक पायरीला कारण आहे. नव्या फोममधील काही पडदे पहिल्या दाबात फुटतात. त्यामुळे पहिले वाचन फसवे, म्हणजे वाजवीपेक्षा जास्त येते. दुकानातील तळहात नेमके हे पहिलेच वाचन घेत असतो. तसेच फोम दाबून धरला असता त्याचा विरोध हळूहळू कमी होत जातो. म्हणून किती सेकंद थांबायचे हे ठरलेले नसेल, तर दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळणार नाहीत.

एएसटीएम डी ३५७४ या अमेरिकी मानकात २५ टक्के आणि ६५ टक्के अशा दोन पातळ्यांवर बल मोजतात. पहिला आकडा आडवे होताक्षणी जाणवणारा मऊपणा सांगतो, तर दुसरा खोल आधार. दुसऱ्याला पहिल्याने भागले की आधार-गुणांक मिळतो. समजा, २५ टक्क्यांवर १२० न्यूटन आणि ६५ टक्क्यांवर २४० न्यूटन बल लागले, तर गुणांक २ झाला. गुणांक कमी असलेला फोम वरून छान वाटतो, पण कंबरेचा भार येताच तळाला टेकतो. गुणांक अधिक असेल, तर वरचा भाग मऊ राहूनही खालून आधार मिळतो. हाताला मऊ लागणारी गादी पाठीला त्रासदायक का ठरू शकते, याचे उत्तर या भागाकारात आहे.

५. उसळी

आयएसओ ८३०७ ही पद्धत जितकी साधी तितकीच बोलकी आहे. १६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी पारदर्शक नळीतून ५०० मिलिमीटर उंचीवरून फोमवर सोडतात आणि ती किती वर उसळली हे पाहतात. गोळी २०० मिलिमीटर वर आली, तर उसळी ४० टक्के. साधा फोम या आकड्याच्या आसपास असतो, तर उच्च उसळीचा फोम ६० टक्क्यांच्या घरात किंवा त्यापुढे जातो.

याउलट, अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेसाठी १९६६ च्या सुमारास चार्ल्स योस्ट यांनी विमानातील आसनांकरिता जो फोम विकसित केला, त्यात गोळी जवळजवळ उसळतच नाही. आज आपण त्याच जातीला मेमरी फोम म्हणतो. तो आघाताची ऊर्जा परत देण्याऐवजी उष्णतेच्या रूपात जिरवतो. म्हणजे कमी उसळी हा नेहमीच दोष नसतो. फोम कशासाठी हवा आहे, यावर आकड्याचा बरा-वाईटपणा ठरतो.

६. दाबाची आठवण आणि थकवा

गादीच्या आयुष्याविषयी सर्वांत जास्त सांगणाऱ्या चाचण्या या दोन.

पहिलीत ५ सेंटिमीटर चौरस आणि २५ मिलिमीटर जाड तुकडा दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये अर्ध्या जाडीपर्यंत (किंवा ठरावानुसार ७५ वा ९० टक्के) दाबून, ७० अंश सेल्सिअसच्या भट्टीत २२ तास ठेवतात. बाहेर काढून मोकळा केल्यावर ३० मिनिटांनी त्याची जाडी मोजतात. २५ मिलिमीटरचा तुकडा २४ मिलिमीटरच भरला, तर जाडीतील कायमची घट ४ टक्के झाली. उष्णतेमुळे बहुवारिकाच्या साखळ्या सरकण्याचा वेग वाढतो. म्हणून दीर्घ काळात गादीच्या मधोमध पडणाऱ्या खळग्याची कल्पना एका दिवसात येते.

दुसरी चाचणी थकव्याची. आयएसओ ३३८५ नुसार ७५० न्यूटन, म्हणजे जवळपास ७६ किलोग्रॅम वजनाइतका भार, मिनिटाला ७० वेळा याप्रमाणे एकूण ८०,००० वेळा नमुन्यावर आदळवतात. हे काम अव्याहत चालले तरी सुमारे १९ तास लागतात. त्यानंतर नमुन्याची जाडी किती कमी झाली आणि काठिण्य किती घटले हे मोजतात. दुकानात सारखेच मऊ वाटणारे दोन फोम या परीक्षेनंतर अगदी वेगळे निघू शकतात. हलका, स्वस्त फोम येथे आपले काठिण्य अधिक गमावतो. वसतिगृहात मुले गादीवर झोपतात, बसतात आणि उड्याही मारतात. त्यामुळे ही परीक्षा आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

७. ताण, फाटणे, हवा आणि जुनेपणा

डमरूच्या आकाराचा तुकडा दोन्ही टोकांना धरून मिनिटाला ५०० मिलिमीटर वेगाने ताणतात आणि तो किती बलाला व किती लांबल्यावर तुटला हे नोंदवतात. फाटण्याच्या परीक्षेत तुकड्याला मधोमध चीर देऊन तिचे दोन पाय विरुद्ध दिशांना ओढतात. गादीला खोळ चढवताना किंवा तिला कोपऱ्याला धरून ओढताना कोपरा का फाटतो, हे या आकड्यांवरून समजते.

हवेच्या परीक्षेत नमुन्याच्या दोन बाजूंमध्ये १२५ पास्कल इतका अल्प दाबफरक ठेवून त्यातून किती हवा वाहते हे पाहतात. हवा सहज खेळत असेल, तर घामाची वाफ बाहेर पडते आणि गादी लवकर कोरडी होते. आपल्याकडील उकाडा आणि दमट पावसाळा लक्षात घेता या गुणधर्माकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

जुनेपणाच्या परीक्षेत फोम कोरड्या उष्णतेत किंवा दाबाखालील वाफेत काही तास ठेवून पुन्हा ताणतात वा दाबतात. पॉलियुरेथेनच्या काही जातींना पाण्याच्या वाफेचे वावडे असते. त्यांच्या साखळ्या बाष्पाने हळूहळू तुटतात. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेल्या बुटाचा तळ न वापरताही चुरा होऊन गळतो, तो अनेकदा याच कारणाने.

८. आगीची परीक्षा

फोममध्ये ९७ टक्के हवा असते आणि उरलेला पदार्थ बारीक तंतूंच्या रूपात असतो. लाकडाच्या ओंडक्यापेक्षा भुसा लवकर पेटावा, तसा फोम लवकर पेटतो. जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू सुटतात. ८ मे १९७९ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एका मोठ्या दुकानाला आग लागून दहा जण मृत्युमुखी पडले. तेथे पेटलेल्या सामानात फोमच्या बैठका होत्या. या व अशा आगींच्या अनुभवातून ब्रिटनने १९८८ साली घरगुती फर्निचरच्या अग्निसुरक्षेचे कडक नियम केले.

या परीक्षेचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत : धुमसणाऱ्या सिगारेटची परीक्षा आणि छोट्या ज्योतीची परीक्षा. एका परीक्षेत उत्तीर्ण झालेला फोम दुसरीत उत्तीर्ण होईलच असे नाही. खोळीचे कापड व फोम एकत्रितपणे कसे वागतात, हेही पाहावे लागते. ही परीक्षा मात्र घरी किंवा शाळेत मुळीच करू नये. ती सुसज्ज प्रयोगशाळेचेच काम आहे.

९. एकदाच कामी येणारा फोम

सगळ्याच फोमकडून परत वर येण्याची अपेक्षा नसते. दुचाकीच्या हेल्मेटमध्ये कवचाच्या आत पांढऱ्या पॉलिस्टायरिन फोमचा थर असतो. डोके आदळते तेव्हा हा थर चिरडतो आणि चिरडण्यात आघाताची ऊर्जा खर्च होते. म्हणूनच आयएस ४१५१ या भारतीय मानकात हेल्मेट विशिष्ट वेगाने ऐरणीवर आदळवून आतील डोक्याच्या प्रतिकृतीला किती धक्का बसला हे मोजतात. एकदा चिरडलेला थर पूर्ववत होत नाही. मोठा अपघात झालेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये, हा सल्ला आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी प्रत्येक दुचाकीस्वाराने लक्षात ठेवावा.

१०. शाळेत करता येण्याजोग्या परीक्षा

मोठी यंत्रे नसली तरी तुलना करण्यापुरत्या तीन परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत सहज होतात.

घनतेसाठी फूटपट्टी आणि ग्रॅम दाखवणारा तराजू पुरेसा आहे. लांबी, रुंदी व जाडी प्रत्येकी तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्यावी. मऊ फोम मोजपट्टीने दाबला जाणार नाही याची काळजी घ्यावी.

उसळीसाठी १६ मिलिमीटरची बेअरिंगची गोळी घ्यावी, मागे उभी मोजपट्टी लावावी आणि ५० सेंटिमीटरवरून गोळी सोडावी. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मंद गतीत चित्रण केले की वाचन अचूक होते. तीन वाचनांतील मधले घ्यावे.

दाबासाठी १० सेंटिमीटर चौरस, ५ सेंटिमीटर जाड तुकड्यावर त्याच आकाराची हलकी फळी ठेवून अर्ध्या-अर्ध्या किलोची वजने वाढवत जावे आणि प्रत्येक वेळी जाडी नोंदवून आलेख काढावा. आलेखाचे तीन भाग दिसतील. आरंभी रेषा बऱ्यापैकी सरळ चढते, कारण कप्प्यांच्या कडा किंचित वाकत असतात. मग ती आडवी होते, कारण कडा मोडपून कप्पे एकामागून एक मिटू लागतात. शेवटी ती झपाट्याने वर जाते, कारण कडा एकमेकींना भिडलेल्या असतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या सांगाड्याचे वर्तन मुलांच्या वहीत असे रेषेच्या रूपाने उतरते.

११. खरेदीच्या वेळी

भारतीय मानक ब्यूरोने मऊ पॉलियुरेथेन फोमच्या चाचण्यांसाठी आयएस ७८८८ आणि घरगुती गाद्यांच्या फोमसाठी आयएस ७९३३ ही मानके प्रसिद्ध केलेली आहेत. एखादी संस्था, सोसायटी किंवा कुटुंब मोठी खरेदी करणार असेल, तर दरपत्रक मागवतानाच पाच बाबी लेखी मागाव्यात : फोमची जात व घनता, काठिण्याचा आकडा आणि तो कोणत्या पद्धतीने काढला, दाबानंतर जाडीत होणारी कायमची घट, थकव्यानंतर जाडी व काठिण्यात झालेली घट, आणि आगीच्या कोणत्या परीक्षेत फोम उत्तीर्ण झाला. त्याबरोबर एक छोटा नमुनाही मागून घ्यावा. माल आल्यावर कोणत्याही दोन-तीन गाद्यांची खोळ उघडून, त्यांतील फोमची घनता व उसळी त्या नमुन्याशी ताडून पाहावी.

हे काम वसतिगृहातील नववी-दहावीच्या मुलांकडे द्यावे, असे आम्ही सुचवतो. ज्या गादीवर आपण झोपणार तिची परीक्षा आपणच घेतली, तिचे आकडे आपणच वहीत लिहिले आणि ते विक्रेत्याच्या कागदाशी आपणच ताडून पाहिले, तर कोणाच्याही शब्दावर न विसंबता मोजून खात्री करण्याची सवय त्यांना लागेल. आणि एका वर्षाने त्याच गाद्या पुन्हा मोजल्या, म्हणजे पुढील खरेदीत कोणता फोम घ्यावा याचा निर्णय संस्थेला स्वतःच्याच नोंदींवरून करता येईल.